"माझी एम.फिल. रद्द झाली का हो, ताई?"

जानेवारीचा शेवटचा आठवडा, 2024. धुळ्याच्या थंडीत माझ्याकडे समुपदेशनाला सकाळची पहिली वेळ कोणी मागत नाही. ती मात्र साडेनऊला दारात हजर. अंगावर शाल, हातात चेन लावलेली प्लास्टिकची फाईल. खुर्चीवर नीट बसायच्या आतच तिने विचारलं, "माझी एम.फिल. रद्द झाली का हो, ताई?"

(ओळख पटेल असे सगळे तपशील बदलले आहेत. लिहायची परवानगी तिने दिली, आणि छापायच्या आधी वाचून दोन जागी दुरुस्त्याही सुचवल्या. मास्तरकीची सवय.)

वय एकोणचाळीस. मराठीत एम.ए., मग 2011 मध्ये एम.फिल. गेली बारा वर्षं तालुक्याच्या एका कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे घड्याळी तासिकेवर. आदल्या रविवारी सासरच्या शेतात भरीत पार्टी होती. हिवाळ्यात खान्देशातलं अख्खं गणगोत या एका निमित्ताने जमतं. वांगी पऱ्हाट्यांवर भाजून झाली होती, लाकडी बडजीत ठेचणं चाललं होतं, कळण्याच्या भाकऱ्या येत होत्या. तेवढ्यात धाकट्या दिराने मोबाइलवर आलेला मेसेज मोठ्याने वाचला. 'एम.फिल. ही मान्यताप्राप्त पदवी नाही, यूजीसीचा खुलासा.' थोरली जाऊ भाकरी मोडता मोडता म्हणाली, "आते बंद पडनी ना तुनी डिगरी. इतलं शिकीसन काय कामनं?"

सगळे हसले, तीही हसली. त्या रात्रीपासून तिला झोप नव्हती. पहाटे तीनला उठून कपाटातली फाईल काढायची, प्रमाणपत्र बघायचं, परत ठेवायचं. एका भरतीचा ऑनलाइन फॉर्म उघडला, तर शिक्षणाच्या यादीत एम.ए.नंतर थेट पीएच.डी.; मधलं काही नाहीच. तेव्हा तिची खात्रीच पटली.

इथे माझी चूक झाली. ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला ठाऊक असतं, तो विचारला की माणूस घाईने बोलत सुटतो. मी तेच केलं.

मी सांगितलं ते खरंच होतं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच एम.फिल. बंद करायचं म्हटलं होतं. तिची जागा होती एम.ए. आणि पीएच.डी.च्या मध्ये, संशोधनाची रंगीत तालीम म्हणा. नव्या रचनेत पदवीच चार वर्षांची करता येते आणि संशोधनाची ओळख तिथेच होते. चार वर्षांच्या पदवीला 75 टक्के असतील, तर एम.ए.शिवायही पीएच.डी.ला अर्ज करता येतो. मग मधली पायरी कशाला, असा त्यामागचा विचार. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, पीएच.डी.चे नवे नियम 7 नोव्हेंबर 2022 ला राजपत्रात आले आणि त्यांत लिहिलं की विद्यापीठांनी यापुढे एम.फिल. चालवू नये. तरीही काही विद्यापीठं प्रवेश देतच राहिली. म्हणून 27 डिसेंबर 2023 ला ते पत्र निघालं: ही मान्यताप्राप्त पदवी नाही, प्रवेश थांबवा, विद्यार्थ्यांनीही घेऊ नका. पत्र होतं ते नव्याने प्रवेश देणाऱ्या-घेणाऱ्यांसाठी. नियम येण्याआधी सुरू झालेल्या एम.फिल.ना त्याची बाधा नाही, हे त्याच नियमांत आहे. दिराच्या मेसेजमध्ये पहिली ओळ होती, बाकीच्या नव्हत्या.

आमच्याच क्षेत्रातलं उदाहरणही दिलं. क्लिनिकल सायकॉलॉजीत तेव्हा एम.फिल.शिवाय पान हलत नव्हतं, त्यामुळे त्या विषयाला आणि सायकिॲट्रिक सोशल वर्कला 2025-26 पर्यंत मुदत वाढवून मिळाली. म्हणजे पदवी वाईट होती म्हणून कोणी मारली असं नाही, आराखडा बदलला.

दहा मिनिटांत माझं सगळं सांगून झालं. तिने शांतपणे ऐकलं, फाईलची चेन ओढली आणि म्हणाली, "म्हणजे आधी जेवढी कामाची होती, तेवढीच आताही आहे ना?"

यावर माझ्याकडे काही नव्हतं.

असे प्रश्न घेऊन येणारे बहुतेक जण एका प्रश्नात दोन प्रश्न बांधून आणतात. 'माझी पदवी वैध आहे का?' याचं उत्तर एका वाक्यात देता येतं. त्याच्या पोटात दुसरा असतो: 'त्या पदवीने जे मिळेल असं सांगितलं होतं, ते कुठे गेलं?' याला दहा मिनिटं पुरत नाहीत. माझ्या पहिल्या उत्तराने तिचा दुसरा प्रश्न नुसता उघडा पडला होता.

पुढच्या दोन भेटींत मी कमी बोलले.

एम.फिल. झाली तेव्हा माहेरी पेढे वाटले होते. 'एम.फिल. झाली म्हणजे प्राध्यापक झालीच,' असं सगळ्यांनी धरलेलं. असिस्टंट प्रोफेसर व्हायला नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, नाहीतर पीएच.डी. लागते, नुसत्या एम.फिल.वर ते होत नाही. सेटला ती दोनदा बसली, थोडक्यात हुकली. मग मुलगा झाला, मग सासूचं आजारपण. सीएचबीचं मानधन वर्ष संपता संपता एकरकमी यायचं, तेही कधी पुढच्या वर्षात. दरवर्षी जूनमध्ये नव्याने मुलाखत. बारा वर्षं शिकवूनही ती दरवर्षी नवीनच. आणि या सगळ्या काळात घरच्यांना सांगायला एकच गोष्ट होती: 'माझं एम.फिल. आहे.' ते वाक्यच मेसेजने हिसकावून घेतलं, तेही सगळ्या भाऊबंदांसमोर.

हे तिच्या तोंडून आलं तेव्हा ती रडली नाही, रागावली. मला बरं वाटलं.

दुसऱ्या भेटीला सासरे सोबत होते. एसटीने आले होते, बाहेर बाकावर बसून होते. पाणी द्यायला गेले तर म्हणाले, "मी बी येऊ का आत दोन मिनिटं?" तिने मान हलवली.

नाना जिल्हा परिषदेच्या शाळेतले निवृत्त शिक्षक. वय पंचाहत्तर. खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद काढला. चार घड्यांवर फाटत आलेला, मागून चिकटपट्टी लावलेला. 1967 चं एस.एस.सी.चं प्रमाणपत्र, जुन्या अकरावीचं. टेबलावर उलगडून ठेवलं आणि सुनेला म्हणाले, "मनी अकरावी बी आते कोठे शे?"

महाराष्ट्रात 10+2+3 आलं, 1975 ला दहावीची पहिली तुकडी बोर्डाला बसली आणि जुनी अकरावी गेली. ती बंद पडल्यावरही नानांनी तीस-बत्तीस वर्षं नोकरी केली. पेन्शन अजून दर महिन्याला येतं. त्या कागदाकडे बघून कोणी त्यांना 'तुमची परीक्षाच आता नाही' असं म्हटलेलं नाही. त्यांच्याही आधीचे मास्तर व्हर्नाक्युलर फायनलवर, म्हणजे सातवीच्या परीक्षेवर, लागलेले. तो शब्द सांगितला तर आजच्या पोरांना फुटबॉलचा सामना वाटेल.

ती त्या कागदाकडे बराच वेळ बघत होती. माझ्या राजपत्राच्या तारखांनी जे झालं नव्हतं ते त्या चिकटपट्टीने थोडंसं झालं. थोडंसंच. कारण नानांना अकरावीवर नोकरी मिळाली होती आणि तिला एम.फिल.वर नव्हती, हे खोलीत आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. नाना ते बोललेही. "आमचा काळ येगळा व्हता," एवढंच. मग उठून बाहेर जाऊन बसले.

माझं स्वतःचंच घ्या. मी बी.ए. झाले धुळ्यात, 1988 ला. प्रमाणपत्र पुणे विद्यापीठाचं, कारण जळगावचं विद्यापीठ सुरू झालं 15 ऑगस्ट 1990 ला. त्याआधी धुळे-जळगावची कॉलेजं पुण्याला जोडलेली, आणि पुणे विद्यापीठ 1949 चं, म्हणजे त्याही आधी मुंबईला. आता पुण्याचं नाव 2014 पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे आणि जळगावचं 2018 पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. माझ्या प्रमाणपत्रावरचं नाव आज कुठल्याच पाटीवर नाही. डुप्लिकेट काढायची वेळ आली तर मला पुण्यालाच अर्ज करावा लागेल. जळगावला जाऊन उपयोग नाही. गेल्या वर्षी एक निवृत्त साहेब याच घोळात जळगावला दोन खेपा करून आले होते.

अशी मंडळी अधूनमधून येतातच. एक वर्षाचं बी.एड. केलेले, 2015 पासून ते दोन वर्षांचं झालं म्हणून 'आपलं अर्धंच का?' म्हणणारे. तीन वर्षं घालवून एम.सी.ए. केलेला एक जण तर चिडूनच आला होता. 2020-21 पासून तोच कोर्स दोन वर्षांचा झाला. 'माझं एक वर्ष कोण परत देणार?' कोणीच नाही. पण त्याची पदवी त्याच्या वेळच्या नियमाने मोजली जाते, आजच्या नाही, एवढं तरी त्याला पटवता आलं. काही पदव्यांची नावंच बदलली. यूजीसी कायद्याच्या कलम 22 प्रमाणे विद्यापीठाला यादीत असलेल्याच पदव्या देता येतात. 2014 ला ती यादी नव्याने निघाली आणि ज्या पदव्यांची नावं यादीत बसत नव्हती, ती बदलून घ्यावी लागली.

या सगळ्यांत खरी घाई असते ती वेगळ्याच लोकांना, आणि ते माझ्याकडे फारसे येत नाहीत. ज्यांचे जुन्या पॅटर्नमधले एक-दोन विषय राहिलेत ते. अभ्यासक्रम बदलला की विद्यापीठ जुन्या अभ्यासक्रमाच्या परीक्षा काही मोजक्या वेळाच घेतं, मग ते दार लागतं. पदवी हातात असलेल्याने रात्री जागायची गरज नाही. विषय अडकलेल्याने मात्र परीक्षा विभागाचं परिपत्रक आजच बघावं.

तिच्या फाईलकडे परत येते. तिसऱ्या भेटीला ती टेबलावर रिकामी केली. एम.फिल.चं प्रमाणपत्र लॅमिनेट केलेलं. कोणीतरी प्रेमाने केलं असणार, पण मूळ पदव्या लॅमिनेट करू नयेत. पडताळणीला अडचण येते आणि काढायला गेलं तर शाई निघते. गुणपत्रकं होती. अभ्यासक्रमाची प्रत नव्हती. ही कोणीच ठेवत नाही. आणि बंद झालेल्या कोर्सच्या बाबतीत तीच सगळ्यात आधी हरवते. पुढे कुठे समकक्षता दाखवायची वेळ आली, परदेशी कागद पाठवायचे झाले, तर 'तुम्ही नेमकं काय शिकलात' हे त्यावरूनच कळतं. तिला विभागात जाऊन जुन्या अभ्यासक्रमाची शिक्का मारलेली झेरॉक्स आणायला सांगितली. फॉर्मच्या यादीत एम.फिल. नसेल तर 'इतर' निवडून स्वतः टाइप करायचं. यादी फॉर्म बनवणाऱ्याने केलेली असते, यूजीसीने नाही.

मग दुसऱ्या प्रश्नाकडे वळलो. सेटला वयाची अट नाही, हे तिला माहीत होतं, पण 'आता या वयात' हे तिने स्वतःच लावून घेतलं होतं. एम.फिल.ला 55 टक्क्यांच्या वर असल्याने पीएच.डी.च्या प्रवेशासाठी ती पात्र आहे, हे त्याच 2022 च्या नियमांत आहे. ज्या नियमांनी एम.फिल. बंद केली, त्यांनीच. हे वाचल्यावर ती पहिल्यांदा खरं हसली. सीएचबी सोडायची की नाही, यावर आमचं एकमत झालं नाही. माझं मत होतं, जून यायच्या आत दुसरं काही बघावं. तिने ऐकलं नाही. तिची मर्जी.

फाईलच्या तळाशी मरून रेक्झिनचा, सोनेरी अक्षरांचा प्रबंध होता. विषय: कानबाईची, म्हणजे खान्देशात श्रावणात बसवतात त्या देवीची, गाणी. एरंडोल-पारोळ्याकडच्या गावांत दोन श्रावण फिरून, म्हाताऱ्या बायांच्या शेजारी बसून उतरवून घेतलेली. "हे घरी कोणी वाचलंय?" मी विचारलं. कोणीच नाही. जाऊबाईंच्या आईची तीन गाणी आत आहेत, हे जाऊबाईंनाही माहीत नव्हतं.

"सांगितलं का नाही?"

"एम.फिल. झाली एवढंच सांगितलं होतं. कशावर, ते कोणी विचारलं नाही."

त्यानंतर ती आली ती थेट ऑगस्टमध्ये, कानबाई झाल्यावर. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. रोटाचा प्रसाद भाऊबंदांबाहेर देत नाहीत, त्यामुळे माझ्यासाठी काही आणलं नव्हतं. आणली होती नुसती हकीकत. यंदा जाऊबाईंनी आपणहून विचारलं, 'मन्ही मायना गाना शेत ना तुना पुस्तकमा?' तिने परिशिष्टाच्या झेरॉक्स काढून नेल्या. रात्री जागरणाला मुलींनी कागद हातात धरून गाणी म्हटली. जाऊबाईंची आई भिंतीला टेकून ऐकत होती. तिसऱ्या गाण्याला तिने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. पान 112, दुसरी ओळ चुकलेली आहे म्हणे.

"ताई," ती म्हणाली, "व्हायव्हाला दोन प्राध्यापक होते. कोणाला सापडली नव्हती."