प्रथिनाचे ‘शोषण’ की ‘पृष्ठशोषण’? आणि ‘विद्युतीकृत’ चालेल का?

प्रश्न असा आहे: पाणी आणि सेंद्रिय द्रावक यांच्या सीमेवर प्रथिने कशी वागतात यावरच्या प्रबंधाचा सारांश मराठीत लिहायचा आहे. त्यात ‘विद्युतीकृत आंतरपृष्ठावर लायसोझाइमचे शोषण होते’ हे वाक्य बरोबर ठरेल का?

‘आंतरपृष्ठ’ (दोन द्रवांमधली सीमा) खुशाल ठेवा. ‘शोषण’ मात्र बदलायलाच हवे, कारण या विषयाचा सगळा गाभा त्या एका शब्दावर उभा आहे.

शोषण म्हटले की वस्तू आत जिरली असे आपण समजतो. इथे तसे होत नाही. लायसोझाइम हे अंड्याच्या पांढऱ्यात सापडणारे, 129 अमिनो आम्लांचे प्रथिन. त्याचा समविद्युत बिंदू (ज्या पीएचला एकूण भार शून्य होतो तो) पीएच 11 च्या आसपास असल्यामुळे आम्लधर्मी पाण्यात त्यावर भरपूर धनभार असतो. पाण्याची बाजू द्रावकाच्या तुलनेत धन केली की हे रेणू सीमेकडे ढकलले जातात आणि मंडलात प्रवाह नोंदला जातो. तो पाहून कुणालाही वाटेल, प्रथिन पलीकडे गेले. पण प्रचलित उलगडा वेगळा आहे. प्रथिन सीमेवरच बसते आणि द्रावकातले मोठे ऋण आयन त्याच्या धनभाराकडे खेचले जाऊन त्याच्याशी जोडी जमवतात. प्रवाह मुख्यतः या आयनांच्या हालचालीचा. विद्युतरसायनतज्ज्ञ डेमियन ऍरिगन यांच्या गटाने आधी आयर्लंडमधल्या कॉर्कमध्ये आणि पुढे ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये लायसोझाइम, हिमोग्लोबिन, इन्सुलिन अशा प्रथिनांवर याच दिशेने बरेच काम केले आहे.

म्हणून ‘द्रावकात शोषले जाते’ लिहिलेत तर प्रयोगाचा निष्कर्षच उलटा होईल. ‘पृष्ठशोषण’ किंवा ‘अधिशोषण’ लिहा. ‘अॅडसॉर्प्शन’ ही मूळ जर्मन संज्ञा भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिश कायझर यांनी 1881 मध्ये घन पदार्थावर साचणाऱ्या वायूंसाठी रूढ केली. द्रव-द्रव सीमेला ती पुढे लागू झाली. दोन्हींपैकी मला ‘पृष्ठशोषण’ जास्त पटतो. ‘अधिशोषण’, ‘अवशोषण’, ‘अभिशोषण’ या जवळजवळच्या शब्दांत वाचकाची नजर सहज घसरते, तर ‘पृष्ठ’ म्हटले की क्रिया कुठे घडते ते लगेच कळते. क्रियापद हवे तिथे ‘प्रथिन आंतरपृष्ठावर साचते’ असे साधे लिहावे. विभवांतर (दोन बाजूंमधला व्होल्टेजचा फरक) लावून थोडा वेळ थांबले की थर खरोखरच वाढतो, आणि अगदी विरळ द्रावणातले प्रथिन ओळखण्यासाठी याच साचण्याचा उपयोग करतात.

आता ‘विद्युतीकृत’. विद्युतीकरण आपल्याकडे रेल्वेमार्गाचे किंवा गावाचे होते, त्यामुळे हा शब्द वाचकाला भलतीकडे नेतो. ‘विद्युतभारित’ तर त्याहून चुकीचा: सीमेच्या दोन्ही बाजूंना समान आणि विरुद्ध भार जमतात, एकूण सीमा उदासीनच राहते. मी ‘विभवांतराखालील आंतरपृष्ठ’ लिहीन. विभवांतर व्होल्टच्या काही दशांशांचेच, पण ते काही नॅनोमीटरच्या जाडीत पडते. 0.3 व्होल्ट 3 नॅनोमीटरमध्ये पडला तर क्षेत्र दर मीटरला 10 कोटी व्होल्ट होते. अशा दोन द्रवांच्या सीमेचा विद्युतरासायनिक अभ्यास नेर्न्स्ट आणि रीझेनफेल्ड या रसायनशास्त्रज्ञांनी 1902 मध्ये पाणी-फिनॉल जोडीवर सुरू केला.

विभवांतर नसतानाही प्रथिने अशा सीमेवर येतात, हेही वाक्यरचनेत सांभाळावे. प्रथिनाच्या घडीत पाणी टाळणारे भाग आत दडलेले असतात. सीमेवर आल्यावर घडी सैल होते आणि ते भाग द्रावकाकडे वळतात. याला ‘विघटन’ म्हणू नका. अमिनो आम्लांची साखळी तुटत नाही. ‘घडी उलगडणे’ पुरेसे आहे.

तुमचे वाक्य मग असे होईल: ‘विभवांतराखालील द्रव-द्रव आंतरपृष्ठावर लायसोझाइमचे पृष्ठशोषण होते आणि द्रावकातील ऋण आयन त्याच्याशी जोडले जातात.’