बॅटरीचा दिवा पुरता विझत का नाही?

प्रश्न : माझी मोटार सुमारे 25 वर्षे जुनी आहे. इंजिन सुरू झाल्यावर बॅटरीचा लाल दिवा दिवसा विझलेला वाटतो. पण रात्री हेडलाइट आणि पंखा लावला की तो मंद तेवताना दिसतो. गॅरेजमध्ये आधी अल्टरनेटर (इंजिनाच्या जोरावर फिरून वीज तयार करणारे यंत्र) बदलला, मग बॅटरी बदलली, तरी दिवा तसाच आहे. आता सगळे वायरिंग बदलावे लागेल असे सांगतात. ते करावे का?

उत्तर : तूर्त करू नये. दिवा रात्री, विजेचा भार वाढल्यावरच तेवतो, हे आपण नेमके टिपले आहे आणि निदानाचा धागा तिथेच सापडतो.

डॅशबोर्डवरचे बरेच इशारादिवे एखाद्या स्विचमार्फत अर्थिंग मिळाले, म्हणजे मोटारीच्या बॉडीशी जोडणी झाली, की पेटतात. बॅटरीच्या दिव्याचे तसे नाही. जुन्या मोटारींत त्याचे एक टोक इग्निशन स्विचमधून बॅटरीच्या धन बाजूकडे जाते, तर दुसरे अल्टरनेटरच्या डी-प्लस या टोकाला जोडलेले असते. किल्ली फिरवली पण इंजिन सुरू नाही, अशा वेळी प्रवाह दिव्यातून अल्टरनेटरच्या रोटरमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या भागात, जातो आणि दिवा लख्ख पेटतो. अल्टरनेटर वीज देऊ लागला की दोन्ही टोकांवर सारखाच, म्हणजे साधारण 14 व्होल्ट दाब येतो, आणि दाबात फरक उरला नाही की दिव्यातून प्रवाह वाहायचे कारणही उरत नाही. म्हणून दिवा मंद तेवत असेल, तर दोन टोकांपैकी एकावर दाब कमी पडतो आहे, एवढेच त्यावरून सिद्ध होते. तो कोणत्या टोकावर कमी पडतो, हे न मोजता अल्टरनेटर बदलणे म्हणजे निम्म्या शक्यता न तपासताच खर्च करणे होय.

इंजिन चालू ठेवून, हेडलाइट आणि पंखा लावून मल्टिमीटरने तीन ठिकाणी दाब मोजावा : अल्टरनेटरच्या जाड तारेच्या टोकावर, डी-प्लसवर आणि दिव्याला इग्निशनकडून येणाऱ्या तारेवर. मोजताना हात, बाही आणि मीटरच्या तारा इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यापासून दूर ठेवाव्यात. जाड तारेवर 14 व्होल्ट असताना डी-प्लसवर त्याहून बरेच कमी भरले, तर अल्टरनेटरमधील डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) संशयास्पद ठरतात. परंतु अल्टरनेटर बदलूनही दोष कायम असल्याने आपल्या मोटारीत इग्निशनकडील दाब कमी भरण्याची शक्यता मला अधिक वाटते.

तसे आढळल्यास मीटरची लाल तार बॅटरीच्या धन टोकावर ठेवावी आणि काळ्या तारेने इग्निशनकडे जाणाऱ्या मार्गावरचा एकेक सांधा तपासत पुढे जावे : फ्यूजच्या आधी, फ्यूजच्या नंतर, इग्निशन स्विचच्या आत जाणारी तार, बाहेर येणारी तार. आकडा जिथे एकदम वाढतो, तिथे दोष आहे. सगळा भार चालू ठेवूनच हे मोजायचे, कारण प्रवाह वाहत नसताना गंजलेला सांधासुद्धा बॉडीच्या तुलनेत मोजल्यास मीटरवर पूर्ण 12 व्होल्ट दाखवतो आणि भल्याभल्यांची फसगत होते. अशाच एका मोटारीत अल्टरनेटरच्या दोन्ही टोकांवर 14.1 व्होल्ट होते आणि दिव्याच्या इग्निशनकडील टोकावर जेमतेम 11.8. फ्यूज डोळ्यांना धडधाकट दिसत होता. मात्र त्याला धरणारी पितळी पकड सैल पडून काळवंडली होती, भोवतालचे प्लास्टिक तपकिरी झाले होते आणि तिथे बोट टेकवत नव्हते. ती एक पकड बदलल्यावर दिवा विझला.

प्रश्न : ऑइलचा दिवा इंजिन चालू असतानाही जळत राहतो. सेन्सर नवा बसवला आहे. दोष वायरिंगचा आहे हे कसे ओळखावे?

उत्तर : आधी इंजिन बंद करावे. ऑइलचा दाब खरोखरच कमी असेल, तर काही मिनिटांतही बेअरिंग खराब होऊ शकतात. म्हणून ऑइलची पातळी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. साधा एका तारेचा सेन्सर असेल, तर किल्ली चालू पण इंजिन बंद ठेवून त्याची तार काढावी. तरीही दिवा जळत राहिला, तर ती तार वाटेत कुठेतरी सोलली जाऊन बॉडीला टेकते आहे. इंजिनाच्या गरम भागांजवळून आणि पत्र्याच्या कडांवरून ती जिथे जाते, तिथे आधी पाहावे. तार काढताच दिवा विझला, तर वायरिंग ठीक आहे. मग नव्या सेन्सरवर विसंबून गाडी चालवू नये. सेन्सरच्या जागी प्रेशर गेज लावून दाब प्रत्यक्ष मोजून घ्यावा. नव्या मोटारींत हा दिवा संगणकामार्फत चालतो, तिथे टेस्ट लॅम्पने (तारेत वीज आहे का हे पाहण्याच्या दिव्याने) तारा चाचपू नयेत. आणि एअरबॅगच्या, बहुधा पिवळ्या कनेक्टरच्या तारांना तर मीटरही लावू नये.