गावातल्या खाणीला आधीच पर्यावरण मंजुरी आहे. उत्पादन वाढवायला पुन्हा जनसुनावणी लागते का? आणि मुंबईत राहणाऱ्याला हरकत घेता येते का?

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेते, कारण तो टोमणा मी स्वतः वर्षानुवर्षं ऐकलाय. तुम्ही लिहिलंय की खाणवाले "नवीन काही नाही, चालू खाणीतलाच बदल आहे" म्हणतायत, सरपंच गप्प आहेत, आणि तुम्ही गोरेगावला राहता म्हणून तुम्हाला बोलायचा अधिकार नाही असं गावातलेच सांगतायत. अधिकार आहे. सातबाऱ्यावर नाव असेल तर सुनावणीत उभं राहून बोला. नाव नसलं तरी लेखी हरकत घेता येते. पर्यावरण मंजुरीचे नियम ठरवणाऱ्या केंद्र सरकारच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेत लोकांचं म्हणणं घेण्याच्या दोन वाटा आहेत: स्थानिक बाधितांसाठी प्रत्यक्ष सुनावणी, आणि ज्यांचा या विषयाशी संबंध आहे अशा इतरांकडून लेखी म्हणणं. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला ते घ्यावंच लागतं. तुमचा पत्ता गोरेगावचा आहे म्हणून ते कोणी परत करू शकत नाही.

आमचं गाव सिंधुदुर्गात. नाव लिहीत नाही, भावकीत अजून वाटण्यांचे दावे चालू आहेत. मी दादरला एका आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी केली, सगळी उमर नकाशांवर गेली. गावाच्या वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, लोखंडाच्या खनिजाची खाण. तिला पहिली मंजुरी मिळाली तेव्हा गावात फारसं कोणी काही बोललं नव्हतं. मग एके दिवशी पेपरात नोटीस आली: उत्पादनक्षमतेत वाढ आणि डंपच्या (खाणीतल्या टाकाऊ मातीच्या ढिगाच्या) जागेत फेरबदल, त्यासाठी जनसुनावणी. परळला आमच्या ग्रामस्थ मंडळाची बैठक झाली. जाणती माणसं म्हणाली, गाववाले ठरवतील तसं होऊ दे. मी चुलतभावाला, दादाला, फोन केला. तो म्हणाला, "तुमी मुंबयवाले गणपतीक येतास, चार दिवस रवतास आनि जातास. खाणीचा काय ता आमी बघतलव." आणि वर हेही, की तुझं आता सासरचं गाव निराळं, तू यात पडू नको.

माझ्या वडिलांच्या मागे सातबाऱ्यावर माझं नाव लागलंय. सड्याच्या खालचे कुणगे, म्हणजे भाताचे वाफे, सामायिक आहेत. त्या शेतात मी लावणी केलीय. असं असताना मी यात पडू नये?

तुतारी एक्स्प्रेसने गावी गेले. खाणीचा पर्यावरणावर काय परिणाम होईल, त्या अहवालाचा मसुदा बघायला कोणालाही उपलब्ध असावा लागतो, जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत, जिल्हा उद्योग केंद्रात. ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी, मागितला तर आधी मराठी सारांश हातात दिला गेला. टँकरने पाणी मारणार, झाडं लावणार, गावातल्या मुलांना रोजगार, हे सगळं त्यात होतं. नकाशा नव्हता. मूळ जाडजूड इंग्रजी अहवाल मागून घेतला, त्यात घडी घातलेले नकाशे होते. जुन्या मंजुरीचा नकाशा मी आधीच ट्रेसिंग पेपरवर उतरवून नेला होता, एकाच स्केलला. तो नव्यावर ठेवला. आधी डंप उत्तरेच्या सपाटीवर होता. नव्या आराखड्यात तो पश्चिमेच्या उतारावर आला होता, बरोबर आमच्या व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, मुखावर. जिथे नकाशावरच्या उंचीच्या रेषा, कंटूर, एकमेकांना चिकटतात, म्हणजे उतार सगळ्यात खडा, तिथे. तक्त्यात लिहिलं होतं, परिसरात बारमाही प्रवाह नाही. व्हाळ चैत्रात आटतो हे खरं आहे. पण मृगापासून दिवाळीपर्यंत अख्ख्या सड्याचं पाणी त्यातूनच खाली येतं, आणि त्याच्याखाली आमचे कुणगे, शेजाऱ्यांचं कुळागर (माडा-पोफळीची बाग) आणि नळपाणी योजनेची विहीर.

कोकणात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटर पाऊस सहज पडतो. खाणीतून काढलेली सुटी लाल माती उतारावर रचली तर ती कुठे जाणार हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. दोडामार्ग तालुक्यात कळण्याला जुलै २०२१ मध्ये खाणीचा बांध फुटला आणि चिखलपाणी घरांत, बागायतीत शिरलं, हे तुम्हीही टीव्हीवर पाहिलं असेल. आमची सुनावणी त्याच्याही आधीची. तेव्हा असं काही बोललं की लोक म्हणायचे, घाबरवते.

"एकदा मंजुरी दिली म्हणजे दिली" हे वाक्य मला मान्यच नाही. मंजुरी ठरावीक आकड्यांना आणि एका नकाशाला दिलेली असते. वर्षाला इतके टन, लीजचं इतकं क्षेत्र, डंप इथे, वाहतूक या रस्त्याने. त्या आकड्यापुढे एक टन गेला तरी ते उत्खनन बिनमंजुरीचं. ओडिशातल्या खाणींच्या प्रकरणात, कॉमन कॉज विरुद्ध भारत सरकार, सर्वोच्च न्यायालयाने २ ऑगस्ट २०१७ रोजी हेच सांगितलं, आणि पर्यावरण मंजुरीच्या मर्यादेबाहेर काढलेल्या खनिजाची पूर्ण किंमत वसूल करायला लावली. त्यामुळे "बदल किरकोळ आहे" असं कोणी सांगितलं की मी एवढंच विचारते, आकडा दाखवा, नकाशा दाखवा.

सुनावणीचा दिवस. मांडव मोठा, पुढच्या खुर्च्या डंपरवाल्यांनी भरलेल्या. दादा त्यातच. त्याचे दोन डंपर खाणीवर लागलेले, दोन्हींवर बँकेचं कर्ज. मी उठले तसा मागून आवाज आला, "मुंबईवाल्यांक बोलूक देव नकात." मी सातबारा वर धरला आणि सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर मोठ्याने वाचला. अपर जिल्हाधिकारी अध्यक्ष होते, त्यांनी बोलू दिलं, हे त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं. मी खाण बंद करा म्हटलं नाही. डंप व्हाळावरून उठवा म्हटलं, आणि ट्रेसिंग टेबलावर ठेवून दाखवलं. सल्लागार कंपनीचा माणूस म्हणाला, तपासून बघतो.

याच्या पुढचा भाग लोकांना माहीत नसतो. सुनावणी संपताना इतिवृत्त तिथेच, लोकांना कळेल अशा भाषेत वाचून दाखवावं लागतं आणि त्यावर त्याच दिवशी सही होते. बहुतेक माणसं तोवर एसटीच्या वेळेसाठी निघून गेलेली असतात. मी थांबले. वाचलं गेलं, "एका महिलेने नाल्याबाबत सूचना केली." मी म्हटलं, असं नाही. कोणता नाला, कोणता सर्व्हे नंबर, खाली कोणती विहीर, सगळं लिहा. कुरकुर झाली, पण लिहिलं गेलं. चित्रीकरण चालू होतं, ते नियमातच आहे.

मंजुरी शेवटी मिळाली, वाढीव टनांसकट. पण डंप जुन्याच जागी ठेवायची अट आली. त्याच्या भोवती चर, खाली गाळ अडवायची टाकी, आणि विहिरीच्या पाण्याची तपासणी. त्या अटीत आमच्या व्हाळाचं नाव आहे. ते कोणी आपणहून घातलेलं नाही.

दादा आजही म्हणतो, तुझ्यामुळे आमच्या गाड्या उभ्या राहिल्या. मंजुरीला उशीर झाला हे खरं, पण तो माझ्यामुळे झाला नाही. वाढ मागताना आधीच्या मंजुरीतल्या अटी पाळल्या का, याचा केंद्रीय मंत्रालयाच्या प्रादेशिक कार्यालयाकडून प्रमाणित अहवाल लागतो. आपल्याकडचं ते कार्यालय नागपूरला. कंपनीने जुन्या अटी पाळल्या नव्हत्या, गाळ टाकी कागदावरच होती, म्हणून तो अहवाल अडला. टाकी वेळेत खोदली असती तर दादाचे हप्ते थकले नसते. हे मी त्याला तोंडावर सांगितलंय, इथेही लिहिते. मुंबईच्या माणसावर राग काढणं सोपं पडतं, कारण खाणवाल्याकडे भाडं मागायला पुन्हा जायचं असतं.

आता तुमचा पहिला प्रश्न. जनसुनावणी लागेल की नाही हे खाणवाला ठरवत नाही, सरपंच नाही, तहसीलदारही नाही. त्याच अधिसूचनेच्या परिच्छेद ७(२) मध्ये विस्तार, आधुनिकीकरण आणि उत्पादनातल्या बदलाची वेगळी तरतूद आहे. अर्ज तज्ज्ञ समितीपुढे जातो, राज्याच्या किंवा केंद्राच्या, आणि नवा अहवाल हवा का, लोकांना पुन्हा विचारायचं का, हे ती समिती ठरवते. म्हणजे "लागणारच" असंही नाही आणि "लागणार नाही" असंही नाही. लीजची हद्द तीच, वाढ थोडी, आधी सुनावणी झालेली, तर समिती सूट देऊ शकते. कोळशाच्या बाबतीत सरकारने फारच सैल सोडलंय. २०२२ च्या उन्हाळ्यात वीजटंचाई होती तेव्हा, ज्या खाणींना आधी ४० टक्के वाढ दिली होती त्यांना ५० टक्क्यांपर्यंत जायची मुभा नव्याने लोकांना न विचारता मिळाली. चंद्रपूरच्या धुळीत राहणाऱ्यांना त्यावर काय वाटलं हे कोणी विचारलं नाही. मला हे चूक वाटतं. लोकांना सगळ्यात जास्त कळतं ते दुसऱ्या वेळी, कारण तोवर खाण त्यांनी भोगलेली असते. पहिल्या सुनावणीत नुसता अंदाज असतो.

आणि सुनावणी झाली तरी ती कुठे होते ते बघा. गडचिरोली जिल्ह्यातल्या सुरजागडच्या लोहखाणीच्या वाढीव उत्खननाची सुनावणी २०२२ मध्ये गडचिरोली शहरात झाली. एटापल्ली तालुक्यातली गावं तिथून शंभर किलोमीटरच्या पुढे आहेत. तुमच्याकडे जागा लांबची दिली तर पहिली हरकत त्यावरच घ्या. नोटीस आणि सुनावणीमध्ये किमान तीस दिवस हवेत, तेही मोजा.

गावात खाणवाले कागद नाचवतील. भारतीय खाण ब्यूरोने मंजूर केलेला खाण आराखडा दाखवतील, प्रदूषण मंडळाचं संमतीपत्र दाखवतील. दोन्ही खरे असतील, पण त्यातला एकही पर्यावरण मंजुरी नाही. मंजुरीचं पत्र वेगळं असतं आणि परिवेश पोर्टलवर, म्हणजे केंद्राच्या पर्यावरण मंजुऱ्यांच्या संकेतस्थळावर, सापडतं. अर्ज, समितीची विषयपत्रिका, इतिवृत्त, सगळं तिथे चढतं. मुंबईत बसून हे काम तुम्ही गावकऱ्यांपेक्षा चांगलं करू शकता, तिथे नेट धड चालत नाही. मंजुरीतल्या अटी पाळल्याचे सहामाही अनुपालन अहवाल १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचे असतात, ते आधी वाचा. आमच्याकडे खरी गंमत तिथेच सापडली होती: दर सहामाहीला तीच वाक्यं, झाडांची संख्यासुद्धा तीच.

मी वकील नाही, हे इथे सांगते. लीजच्या क्षेत्रावरून फाइल राज्याकडे जाते की केंद्राकडे, याच्या मर्यादा वारंवार बदलल्यात, तुमच्या खाणीचं खनिज आणि हेक्टर बघूनच कळेल. आधी खनिज काढून मागाहून मंजुरी घेण्याबद्दलही कायदा हलता आहे. मुंबईच्याच वनशक्ती संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये ती वाट बंद केली होती आणि नोव्हेंबरमध्ये दोन विरुद्ध एक मताने तो निकाल मागे घेतला. तेव्हा तुमच्या खाणीत आधीच जास्त उपसा झाला असेल तर वकिलाला विचारूनच पाऊल उचला. आणि डंपरवाल्यांशी भांडण लावून घेऊ नका. त्यांचं कर्ज खरं आहे, दादाचंही होतं.

हरकत मराठीत लिहा, सर्व्हे नंबरांसकट, नकाशा जोडून. प्रदूषण मंडळाच्या प्रादेशिक अधिकाऱ्याला आणि जिल्हाधिकाऱ्यांना द्या, पोच घ्या. सगळं करूनही चुकीच्या जागी मंजुरी मिळाली तर अपील पुण्याला, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पश्चिम खंडपीठापुढे. मुदत तीस दिवस, सबळ कारण दिलं तर आणखी साठ, त्यापुढे एक दिवसही नाही. मंजुरी पोर्टलवर कधी चढली त्या तारखेचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, वकील पहिला तोच मागेल.