लिंबाच्या रसात कोळंबी खरंच शिजते का?

तुम्ही विचारलंय की कच्ची कोळंबी अर्धा तास लिंबाच्या रसात ठेवली की पांढरी आणि घट्ट होते, मग गॅसवर न ठेवता तशीच खाल्ली तर चालेल का. माझं उत्तर नाही असंच आहे, आणि जरा सविस्तर सांगते कारण यात चांगला स्वयंपाक येणारी माणसंही फसतात.

दुधात लिंबू पिळलं की दूध फाटतं ना, इथेही बरंचसं तेच होतं. लिंबाच्या रसाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका लहान तितकं आंबट) 2 ते 2.5 च्या आसपास असतो, एवढ्या आंबटात कोळंबीतल्या प्रोटीनची घडी उलगडते, मग ती एकमेकांना चिकटतात आणि आधी काचेसारखं दिसणारं मांस दुधाळ होतं. वर थोडा गुलाबी रंगही येतो, कारण तो केशरी रंग कोळंबीत आधीपासून असतोच, एका प्रोटीनने धरून ठेवलेला, ते प्रोटीन बिघडलं की रंग मोकळा होतो, मग ते आचेने बिघडो नाहीतर आंबटाने. म्हणजे रंग बघून शिजली म्हणायची सोय नाही.

एकदा वीस मिनिटं ठेवलेली जाडसर कोळंबी मधोमध कापून बघा. कडेला पांढरी रिंग दिसेल आणि मध्ये अजून करडं, ओलसर, कच्चंच. बरं, मधोमधपर्यंत पांढरी झाली तरी जंतू मेले असं होत नाही. व्हिब्रिओ नावाचे समुद्रातले बॅक्टेरिया रसाने थोडे कमी होतात पण सगळे जात नाहीत. कॉलराचा जंतूही याच व्हिब्रिओंपैकी, आणि दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात 1991 साली कॉलराची मोठी साथ आली तेव्हा तिथल्या सेविचेवर, म्हणजे लिंबात मुरवलेल्या कच्च्या मासळीवर, संशय घेतला गेला होता तो याचमुळे. फ्रीझरमधली कोळंबी वापरली म्हणून सुटलो असंही नाही, फ्रीझिंगने परजीवी मरतात, बॅक्टेरिया बरेचसे झोपून राहतात.

तिसऱ्या आणि कालवांचं तर याहून वाईट. ती दिवसभर पाणी गाळून खातात, त्यामुळे पाण्यात नोरोव्हायरस (उलट्या-जुलाबाचा विषाणू) किंवा हेपॅटायटिस ए (काविळीचा विषाणू) असेल तर तो त्यांच्या अंगात साठत जातो आणि त्याला लिंबू पुरत नाही, तिथे आतपर्यंत 90 अंश सेल्सिअस दीड मिनिट अशी आच लागते. ज्यांना लिव्हरचा त्रास आहे, गरोदर बायका, लहान मुलं, म्हातारी माणसं, यांना कच्चं काहीही देऊ नका, ही माझी अगदी कळकळीची विनंती आहे.

मग ती चव हवीच असेल तर काय करायचं? उलटा क्रम करा, आधी आच मग लिंबू. मी पाणी खळखळून उकळते, मीठ टाकते, सोललेली आणि काळा दोरा काढलेली मध्यम कोळंबी दीड-दोन मिनिटं टाकते. विळ्यासारखी वाकली आणि मधोमध कापल्यावर कुठेच काचेसारखं दिसलं नाही की लगेच बाहेर, गोल गुंडाळून घेतली म्हणजे जास्त झाली समजा. लगेच बर्फाच्या पाण्यात, मग निथळून कोरडी करून त्यावर ताजा रस, चिरलेला कांदा, मिरची, कोथिंबीर. दहा-पंधरा मिनिटं बास, आंबटपणा आत उतरतो. नुसता लिंबू जास्त आंबट वाटत असेल तर थोडा संत्र्याचा रस घाला, पण एकट्या संत्र्यात तेवढा आंबटपणा नसतो.

आणि हो, गरम रश्श्यात घालायचं असेल तर लिंबू गॅस बंद केल्यावरच पिळा. आधी घालून उकळत ठेवलं तर वास उडतो आणि कधीकधी कडवटपणा येतो. तासभर आधी मुरवत ठेवलं तर कोळंबी कोरडी, भुसभुशीत होते, मग कितीही मसाला घाला ती सुधारत नाही. भांडं काचेचं किंवा स्टीलचं घ्या, अ‍ॅल्युमिनियमचं नको, रसाला धातूची चव लागते.