ई-फॉइलची (पाण्याखालच्या पंखावर उचलून धावणाऱ्या विजेच्या फळीची) मोटर हवेत नीट फिरते, पाण्यात मात्र अडखळते. दोष कसा शोधावा?

आपल्या वर्णनावरून माझा पहिला संशय मोटरवर नसून ईएससीपासून (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकापासून) मोटरपर्यंत जाणाऱ्या तीन फेज तारांच्या जोडांवर आहे, कारण हवेत प्रवाह इतका कमी लागतो की अर्धवट सोल्डर झालेला जोडही वेळ निभावून नेतो.

प्रथम बॅटरी सोडवावी आणि प्रोपेलर काढून ठेवावा. मग तिन्ही तारा ईएससीपासून वेगळ्या करून त्यांपैकी कोणत्याही दोन टोकांना एकत्र जोडावे व दांडा हाताने फिरवून पाहावा. तिन्ही जोड्यांत सारखाच विरोध जाणवला पाहिजे. दोन जोड्यांत दांडा सैल फिरला आणि एकीत अडला, तर त्या दोन सैल जोड्यांत सामाईक असलेली तार सदोष समजावी. गुंडाळीचा रोध मिलिओहममध्ये असल्यामुळे साध्या मल्टिमीटरवर हा फरक दिसत नाही. तोच मल्टिमीटर प्रत्येक फेज आणि मोटरचे धातूचे आवरण यांच्यामध्ये मात्र जरूर लावावा; तेथे मोजता येण्याजोगा कोणताही रोध दिसला, म्हणजे परिपथ पूर्ण खुला नसला, तर आत पाणी शिरले आहे किंवा तारेचे इनॅमल (विद्युतरोधक लेप) खरवडले गेले आहे.

जोड निर्दोष निघाले, तर बॅटरीकडे वळावे. १२ सेलच्या लिथियम-आयन मालिकेत पूर्ण चार्जनंतरचे ५०.४ व्होल्ट फसवे असतात. भार असताना एखाद्या सेलगटाचा व्होल्टेज इतरांपेक्षा झपाट्याने घसरत असेल, तर बीएमएस (बॅटरीचे रक्षण करणारे सर्किट) किंवा ईएससी स्वतःच पुरवठा तोडते.