सिंगापुरात चार वर्षांच्या मुलीला सुंगेई बुलोहला न्यायचं असेल तर काय बघावं, काय सांभाळावं?

तुम्ही विचारलंय की चार वर्षांच्या मुलीला सुंगेई बुलोहच्या पाणथळ अभयारण्यात न्यावं का, फुकट आहे म्हणजे तिथे पाहण्यासारखं काही असेल का, आणि मगरींचं काय. न्याच. प्रवेश खरोखर फुकट आहे, सकाळी ७ ते संध्याकाळी ७ उघडं असतं. फक्त दिवस सुट्टी बघून ठरवू नका, ओहोटी बघून ठरवा. 'काहीच दिसलं नाही' म्हणत परतणाऱ्यांचं बहुतेक इथेच चुकलेलं असतं.

हे अभयारण्य म्हणजे जोहोरच्या सामुद्रधुनीच्या काठची खारफुटी. लहान मुलाला जे दिसू शकतं ते सगळं चिखलात असतं आणि भरतीला तो चिखल पाण्याखाली जातो. भरतीच्या वेळी पोचलात तर हिरवी झाडं आणि तपकिरी पाणी, बस्स. सिंगापूरच्या हवामान खात्याच्या संकेतस्थळावर भरती-ओहोटीचं वेळापत्रक मिळतं. त्यात सकाळी ८ ते १० च्या दरम्यान पाणी १ मीटरच्या खाली जाणारा दिवस शोधा आणि त्या वेळेच्या तासभर आधी पोचा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा ओहोटीही खोल लागते. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, भरती-ओहोटीतला फरक कमी असतो आणि चिखल कमी उघडा पडतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा आपला कोकणातला हिशेब मात्र इथे लावू नका. इथल्या दिवसातल्या दोन भरत्या सारख्या नसतात, ठोकताळा हमखास फसतो.

प्रवेशद्वारं दोन आहेत आणि टॅक्सीवाल्याला नुसतं नाव सांगितलं तर भलत्याच दारी उतराल. एक निओ टिऊ क्रेसेंटवर, जुनं, १९९३ साली उद्यान सुरू झालं तेव्हाचं. दुसरं क्रांजी वेवर, २०१४ चं. दोन्हींच्या मधे एक किलोमीटरहून जास्त पायवाट आहे, म्हणून चुकीच्या दारी उतरलात तर मुलगी खेकडे दिसायच्या आधीच दमेल. तुम्ही क्रांजी वेच्या बाजूने जा: क्रांजी एमआरटी (मेट्रो) स्थानकाहून ९२५ नंबरची बस, क्रांजी जलाशयाच्या वाहनतळाच्या थांब्यावर उतरा, रस्ता ओलांडला की अभयारण्याचं पर्यटक केंद्र. स्वच्छतागृहाचं काम तिथेच उरकून घ्या, पुढे वाटेत सोय शोधत बसू नका. खारफुटीची माहिती देणारं दालनही तिथेच आहे, पण ते परतताना बघा. चिखलात बघितलेला प्राणी चित्रात ओळखायला मुलांना मजा येते. उलट क्रमाने गेलात तर चित्र म्हणजे नुसती भिंत.

बाबागाडी शक्यतो नको. वाट चालण्यासारखी आहे, पण गाडीत बसलेल्या मुलाच्या डोळ्यांसमोर कठड्याच्या पट्ट्या येतात, खालचा चिखल दिसतच नाही. चालू द्या, दमली की पाठीवर घ्या. एकूण दीड तास आणि जाऊन-येऊन सहाशे-सातशे मीटर पुरे. पूर्ण वाट संपवायचा हट्ट मोठ्यांचा असतो.

आता बघायचं कसं. लाकडी वाटेवर चिखल दिसेल तिथे थांबा आणि मुलीला एकच काम द्या: पाय न आपटता हळूहळू दोनशेपर्यंत आकडे म्हणायचे (चार वर्षांच्या मुलीला तुम्ही सोबत म्हणा). खेकड्यांना पावलांची थरथर कळते. तुम्ही आलात तेव्हाच सगळे बिळात गेलेले असतात, म्हणून पहिल्या मिनिटात चिखल रिकामा वाटतो आणि लोक पुढे निघून जातात. तीन-चार मिनिटांत आधी बिळांच्या तोंडाशी हालचाल होते, मग नर बाहेर येतो. त्याची एक नांगी अंगाच्या मानाने अवाढव्य, दुसरी चिमुकली. मोठी नांगी वरखाली हलवून तो मादीला बोलावतो आणि दुसऱ्या नराला दटावतो. छोट्या नांगीने चिखल तोंडात घालतो, त्यातलं खाण्याजोगं घेऊन उरलेल्याच्या बारीक गोळ्या टाकतो. बिळाभोवती त्या गोळ्या मुलीला शोधू द्या. मादीच्या दोन्ही नांग्या लहान असतात. हा फरक मुलं आपल्याआधी टिपतात.

दुसरं आकर्षण निवटी, म्हणजे चिखलावर उड्या मारणारे मासे. ठाण्याच्या खाडीत किंवा रायगडात ज्यांनी ती चिखलावर उड्या मारताना बघितली आहे त्यांना वेगळं सांगायला नको, इथले मासे त्याच कुळातले. कल्ल्यांच्या कप्प्यात पाणी धरून ठेवायचं आणि ओल्या कातडीतूनही श्वास घ्यायचा, म्हणून मासा असून जमिनीवर राहता येतं. डोळ्यांकडे लक्ष द्यायला सांगा: मधूनच डोळा आत ओढून ओला करून पुन्हा बाहेर काढतात, अगदी मिचकावल्यासारखा. तिवर आणि कांदळ ही खारफुटीतली झाडं: तिवराची श्वसनमुळं चिखलातून बोटांसारखी वर आलेली दिसतील, कांदळाची मुळं कमानीसारखी. चिखलाचा कुजका वास येईलच. तो घाणीचा नाही; प्राणवायूविना जगणारे जिवाणू पाला कुजवताना हा वायू सोडतात. 'शी' म्हणायच्या आत हे सांगून टाका.

मगरी खऱ्या आहेत, खाऱ्या पाण्यातल्या, आणि जुन्या दाराजवळच्या मुख्य पुलावरून त्या बऱ्याचदा दिसतात. त्यामुळे वाट सोडायची नाही, पाण्याच्या कडेला जायचं नाही, मुलीला कठड्यावर बसवायचं नाही, हात सोडायचा नाही. वाटेवर मगर दिसली तर मागे फिरा आणि कर्मचाऱ्यांना कळवा. मात्र लोक ज्याला मगर म्हणून ओरडतात ती बहुतेक वेळा घोरपड असते. ती चालताना दुभंगलेली जीभ सतत बाहेर काढते. मगरीची जीभ जबड्याच्या तळाला जखडलेली असते, बाहेर येतच नाही. घोरपडीलाही वाट द्या, मागे लागू नका.

माकडं मात्र मगरींपेक्षा जास्त तापदायक. प्लॅस्टिकची पिशवी दिसली की त्यांना खाऊच वाटतो. डबा बंद बॅगेत ठेवा आणि खाणं केंद्राजवळच्या सावलीत बसून, वाटेवर नाही.

डासांसाठी पूर्ण बाह्या आणि लांब विजार. आधी उन्हाचं मलम, मग डासांचं, तेही आपल्या हातावर घेऊन तिला लावा. तिच्या तळहातांना आणि डोळ्यांजवळ नको, कारण तेच हात तोंडात जातात. एप्रिल ते नोव्हेंबरात पहाटेपासून सकाळपर्यंत जोरदार वादळी सरी येऊ शकतात, निघण्याआधी पावसाचं रडार बघा. गडगडाट ऐकू आला की पुलावर किंवा उघड्यावर थांबू नका.

पक्ष्यांसाठी वेगळी फेरी ठेवा, सप्टेंबर ते मार्च, आणि तीही भरतीला. बाहेरचा चिखल बुडाला की तुतवारसारखे स्थलांतरित पाणपक्षी आतल्या तळ्यांत येऊन विसावतात. ही तळी जुन्या कोळंबीशेतीची, आणि त्यांचं पाणी आजही झडपांनी कमीजास्त केलं जातं. पण दुर्बीण धरता येत नाही तोवर मुलांना ते दूरचे ठिपकेच वाटतात. सहा-सात वर्षांची झाली की न्या.

निघताना तिचे खिसे बघा. कांदळाच्या झाडावरच रुजून खाली पडलेल्या लांब हिरव्या 'शेंगा' मुलांना फार आवडतात, आणि अभयारण्यातून काहीही उचलून नेणं कायद्याने गुन्हा आहे. फोटो काढा, शेंग चिखलात परत टाकायला लावा.