चिंचा पाडणाऱ्या मुली

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. मैदान मिळालं, मुख्याध्यापक हो म्हणाले, आणि सोमवारी नोटीस लावून तू सॉफ्टबॉलच्या संघासाठी मुलींची निवड चाचणी घेणार आहेस म्हणे. चाचणी घेऊ नकोस. निदान पहिला महिना तरी नको.

मी पहिला संघ बांधला तेव्हा अगदी हेच केलं होतं. परिपाठात जाहीर केलं आणि संध्याकाळी चाळीसेक मुली मैदानावर हजर. मी गळ्यात शिट्टी अडकवून ऐटीत उभी. दोन तासांत १६ जणी निवडल्या, बाकीच्यांना ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून वाटेला लावलं. पंधरवड्याने त्या १६ मधल्या ७ उरल्या. कुणाचा क्लास, कुणाची शेवटची एसटी, एकीची बहीण बाळंतपणाला आलेली म्हणून चुलीपाशी हीच. मग नाकारलेल्यांच्या मागे लागले, तर त्या रुसलेल्या. त्यांचं काय चुकलं? जिल्हा स्पर्धेला कशाबशा नऊ उभ्या केल्या, आणि त्यातल्या दोघींना होम प्लेट, म्हणजे बॅटिंगला उभं राहायची जागा, कुठली तेही मैदानावरच सांगावं लागलं.

तेव्हा आठ-दहा दिवस मैदान नुसतं उघडं ठेव. येईल तिला खेळू दे आणि तू बघत बस. सॉफ्टबॉल आधी खेळलेली मुलगी तुझ्या गावात मिळणार नाही, पण फेकणाऱ्या मुली मिळतील. शाळेमागच्या झाडावरच्या चिंचा कोण पाडतं ते शिपायाला विचार, त्याला सगळी नावं पाठ असतात. जिचा दगड नेमक्या फांदीवर बसतो तिचा खांदा आणि कोपर आयतेच तयार असतात. लगोरी खेळणाऱ्या बघ. खो-खोच्या संघातून वगळलेल्या बघ. धावून गाठायचे टप्पे म्हणजे बेस; एका बेसपासून दुसऱ्या बेसपर्यंत अंतर ६० फूट, म्हणजे जेमतेम १८ मीटर. तिथे लांब पल्ल्याची धावपटू नको, चटकन वळणारी हवी, आणि हे खो-खोवाल्या मुलींच्या पायात असतंच. मात्र दुसऱ्या सरांच्या संघातली मुलगी त्यांना न विचारता ओढू नकोस. स्टाफरूममध्ये वर्षभर बसायचं आहे तुला.

आणखी एक बघ. चेंडू हातून सुटल्यावर कोण हसून त्याच्यामागे धावते आणि कोण दुसरीकडे बोट दाखवते. फेक शिकवता येते. हे शिकवायला मला तरी फारसं जमलं नाही.

आता खरी भरती. ती मैदानावर होत नाही, ओट्यावर होते. प्रत्येक मुलीच्या घरी जा आणि आईशी बोल. वडील ‘बघा बुवा तुम्हीच’ म्हणून मोकळे होतात. संध्याकाळचं पाणी कोण भरणार आणि धाकट्याला कोण सांभाळणार, हा हिशेब आईचा असतो. जाताना चेंडू बरोबर ने आणि त्यांच्या हातात दे. नाव सॉफ्टबॉल असलं तरी तो मऊ नसतो. घेर १२ इंच, वजन १८० ग्रॅमच्या आगेमागे, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूहून मोठा आणि जडही. हे लपवलंस आणि तिसऱ्या दिवशी मुलगी सुजलेलं बोट घेऊन घरी गेली, तर ते दार तुला कायमचं बंद. त्यापेक्षा हेल्मेट दाखव, आणि पहिले पंधरा दिवस टेनिसच्या चेंडूवर खेळवणार आहेस तेही सांग. शब्द पाळ.

कपड्यांचा प्रश्न आजी काढेलच. इथे आपला खेळ आपल्याला साथ देतो. बेसवर घसरत जायचं असतं, गुडघे सोलवटतात, म्हणून पायभर पँटच लागते. हाफ पँटवरून कबड्डीला नकार दिलेल्या दोन घरांनी मला याच कारणाने होकार दिला होता.

नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणाबद्दल आणि दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांबद्दल पालक विचारतील. विशिष्ट पातळीपर्यंत खेळल्यावरच ते मिळतं एवढं सरळ सांग. आपणहून आमिष दाखवू नकोस.

सरावाची वेळ तुझ्या सोयीने ठरवू नकोस. शेवटच्या एसटीची वेळ आधी लिहून घे आणि तिथून मागे मोज. थंडीत लवकर अंधारतं, तेव्हा अर्धा तास आणखी कमी.

मैदानात नऊ लागतात, तू सोळा धर. चाचणी परीक्षा, लग्नसराई, पाळी, मलेरिया हे सगळं वजा जाता बारा उरतात. ग्लोव्ह मात्र नऊ-दहा पुरतात, कारण आपापसात खेळताना एक बाजू बॅटिंगला आली की ग्लोव्ह मैदानात ठेवून येते आणि दुसरी तेच उचलते. डावखुरी मुलगी सापडली तर सोडू नकोस, पहिल्या बेसवर ती सोनं आहे; फक्त तिला उजव्या हाताचा ग्लोव्ह वेगळा लागेल. कॅचर, म्हणजे बॅटिंग करणारीच्या मागे बसून चेंडू झेलणारी, म्हणून वर्गात सगळ्यात जास्त बडबडणारी घे. अख्खं मैदान एकट्या तिच्याच नजरेसमोर असतं, तिने ओरडायलाच हवं.

पिचर, म्हणजे बॅटिंग करणारीला चेंडू टाकणारी, एकच तयार करण्याचा मोह होईल. दोन तरी कर. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपानच्या युकिको उएनोने दोन दिवसांत ४१३ चेंडू टाकले, जपानने अमेरिकेला हरवून सुवर्णपदक घेतलं, आणि तेव्हापासून प्रत्येक मार्गदर्शकाला आपल्याकडेही एखादी उएनो असावीशी वाटते. खालून फेकायचं म्हणजे खांदा दुखत नाही, हा गैरसमज. तुझ्या मुली तेरा-चौदा वर्षांच्या आहेत.

कंटाळवाणं काम आत्ताच उरक: शाळेच्या जनरल रजिस्टरवरची आणि आधारवरची जन्मतारीख जुळते का ते प्रत्येकीचं तपास. स्पर्धेच्या सकाळी टेबलापाशी रडणारी मुलगी मी पाहिली आहे.

माझ्याकडे दोन जुने ग्लोव्ह आहेत, त्यातला एक डावखुरीचा. त्याची वादी तुटली आहे, बाजारातल्या चांभाराकडून शिवून घे. शनिवारी दुपारनंतर मी घरीच आहे, कुणाला तरी पाठव.

तुझी,
बाई